वाराची विळी

रविवारची मिस्सा सुटल्याशिवाय क्लिफर्ड आपलं चिकनचं दुकान उघडत नाही, हे नंदाखालमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचा बापही उघडत नसे. गिऱ्हाईक दारात कितीही चुळबुळत उभं राहो, क्लिफर्ड आपला देवळातून आधी घरी जाणार, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावणार, चहा पिणार आणि मग सावकाश येऊन शटर वर करणार. ज्याला दम धरवत नसेल त्याने हमरस्त्यावरच्या टपरीवर जावं. तिथे उजाडायच्या आत कापून ताटात रचून ठेवलेलं असतं आणि शेजारी एक माणूस माश्या हाकत बसलेला असतो.

विनिता त्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन शटरसमोर उभी राहिली. मागच्या वेळी ती थांबली नव्हती. वाडीत नारळ पाडायला माणसं यायची होती, त्यांचं चहापाणी बघायचं होतं, त्याआधी स्वयंपाक उरकायचा होता. म्हणून तिने स्कूटर वळवली आणि टपरीवरचं घेतलं. एवढंच तिच्या हातून झालं होतं. एरवी अशी घाई कोण करत नाही? पण त्या जेवणानंतर तिचे सासरे, विद्याधर, आजारी पडले. जुलाब, ताप, मग विरारचं हॉस्पिटल, सलाईन, आणि तिथून अँब्युलन्समधून घरी आला तो त्यांचा देहच. वय झालेलं, त्यात साखर. शरीराने साथ दिली नाही, असं लोक म्हणाले. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं की हा जंतू बहुतेक कच्च्या चिकनमधून येतो, नीट शिजवलं की मरतो, तेव्हा यांच्या पोटात काहीतरी कच्चं गेलं असणार. घरच्यांनी त्यातला चिकन हा एकच शब्द उचलला. जेवले तर सगळेच होते, बाकी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. पण त्याचा अर्थ एवढाच लावला गेला की बाकीचे धडधाकट होते आणि बाबा नव्हते. हॉस्पिटलच्या जिन्यात विनिताचा नवरा जयवंत तिच्याकडे न बघता म्हणाला, "क्लिफर्ड उघडेपर्यंत थांबली असतीस तर..." त्यानंतर त्या विषयावर तो कधीच काही बोलला नाही. वाईट त्याचंच होतं. माणूस भांडला तर उत्तर तरी देता येतं.

तेव्हापासून विनिताला काही म्हणजे काही वाटेनासं झालं होतं. अंत्यविधीला घर रडत होतं आणि ही कपबशा विसळत होती. रडू येत नाही म्हणून बायका आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसत होतं, पण ते बघणंही दुसऱ्याच कुणासाठी चाललंय असं वाटत होतं. जेवणाला चव नव्हती, झोपेला तळ नव्हता. एकच काम ती मन लावून करी. फोनवर चिकनबद्दल जे सापडेल ते वाचायचं. ताजं कसं ओळखावं, घरी आणल्यावर किती वेळ बाहेर राहू द्यावं, नळाखाली धुतलं की शिंतोडे कुठवर उडतात, हाडाजवळचं मांस गुलाबी राहिलं तर काय होतं. वाचून झालं की त्या दिवशीचं पातेलं डोळ्यांसमोर आणायचं. सांध्यापाशी लाल राहिलं होतं का? झाकण लवकर काढलं का? तिला आठवायचं नाही, आणि आठवत नाही म्हणजे चूक आपलीच, असं ती धरून चालली होती.

तेरावं झालं. आता तिखटाचं, म्हणजे सामिष जेवण करून सुतकाचं सावट उतरवायचं होतं. विद्याधरांची बहीण लतिकाआत्या विरारहून यायची होती. तिने फोनवर सुचवून बघितलं की या वेळी मटण करा, नाहीतर सरळ बाहेरून मागवा. सुचवण्यामागचं काय ते सगळ्यांना कळलं. पण विनिताची सासू, सावित्रीबाई, म्हणाल्या की त्यांना चिकन आवडायचं, चिकनच होईल, आणि विनिताच करेल. फोन ठेवल्यावर जयवंतला त्या हळूच म्हणाल्या, तिच्याच हातचं होऊ दे, नाहीतर पोरीच्या मनात जन्मभर राहील. विनिता पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ते ऐकलं आणि घड्या घालत राहिली.

क्लिफर्ड आला, शटर वर गेलं. विनिता थांबलेली बघून त्याला सगळं समजलं असावं, पण गडी शहाणा. नुसता म्हणाला, बस जरा, आधी ओटा धुतो. ओटा धुतला, सुरा धुतला. मग पिंजऱ्यात हात घालून त्याने एक कोंबडी काढली, परत ठेवली, दुसरी काढली. ही बघ, म्हणाला, तुरा लाल, डोळे लख्ख, मागची पिसं कोरडी. मागची पिसं बरबटलेली असली की ती घ्यायचीच नाही, फुकट दिली तरी. कापून झाल्यावर विनिताने मांसावर बोट दाबलं. दबलेलं लगेच वर आलं. वास नव्हता, चिकटपणा नव्हता. तुकडे किती मोठे, असं त्याने विचारलं तेव्हा ती नेहमीसारखंच म्हणाली की मोठेच ठेव, हवे तर आई घरी बारीक करतील. विद्याधरांना कवळी होती. सावित्रीबाई त्यांच्या वाटणीचे तुकडे हाडावरून सोडवून बोटाच्या पेराएवढे करायच्या. तोंडातून वाक्य गेल्यावर विनिताला आठवलं की आता बारीक कुणासाठीच करायचे नव्हते.

क्लिफर्डने दोन पिशव्यांत घालून गाठ मारून दिलं. तिने ते स्कूटरच्या पुढच्या हुकाला लावलं आणि काकडी-कोथिंबीर मागे डिकीत टाकली. एकाला दुसऱ्याचं पाणी लागायला नको.

स्वयंपाकघरात सावित्रीबाई नारळ खवत होत्या. या घरात विळ्या दोन. हे विनिताला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं, कारण ती आचोळ्याच्या फ्लॅटमधली, ओट्याशी उभी राहून सुरीने कापणारी. एक मोठी विळी, मासळी-मटणाची. ती खाली, मोरीच्या कडेला. दुसरी वाराची. ती फळीवर, फडक्यात गुंडाळलेली. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, असा कुठला वार असला की ती खाली यायची आणि भाजी, फळं, देवाचा नारळ सगळं तिच्यावर. एकदा विनिताने नकळत एका बुधवारी वाराच्या विळीवर बोंबील कापले. सासूबाई ओरडल्या नाहीत, पण ती विळी राखेने घासून पुढचे कितीतरी दिवस उन्हात पडली होती. तेव्हापासून विनिता त्या फळीकडे हातच नेत नसे.

तिने चिकन उंच काठाच्या पातेल्यात ओतलं, तांब्याने कडेकडेने पाणी सोडलं, शिंतोडा उडू दिला नाही. धुवण बाहेर माडाच्या मुळाशी नेऊन ओतलं, मोरीवर उकळतं पाणी सोडलं, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले. सावित्रीबाई हे सगळं बघत होत्या. त्यांना त्यात सून स्वतःला शिक्षा करून घेते आहे असं दिसत असणार. हळद, मीठ, आलं-लसूण लावून विनिताने पातेलं झाकलं आणि ती मागच्या पडवीत मिक्सरवर वाटण करायला गेली.

वाटण घेऊन ती आत आली तेव्हा सावित्रीबाई मोठी विळी मांडून तिच्यावर बसल्या होत्या. झाकण बाजूला सारून त्यांनी छातीचे दोन-तीन तुकडे काढले होते आणि ते बारीक करत होत्या. बोटाच्या पेराएवढे. त्यांच्या नावाचं पान वाढायचं ना, त्यांना असंच लागतं, असं त्या म्हणाल्या. लागायचं नव्हे, लागतं. तुकडे त्यांनी वाटीत सारले, ओट्याखालचं फडकं ओढून पातं पुसलं आणि ताटातली काकडी उचलून पात्याला लावली.

विनिता दारात उभी होती. हातात वाटणाचं भांडं होतं. काकडीच्या चकत्या पडत होत्या, मग चकत्यांचे उभे काप, मग बारीक तुकडे. हिरवंगार पाणी त्या पात्यावरून ओघळत होतं.

"आई, ती विळी..." ती म्हणाली.

"वाराची कशाला काढू? आज तिखट ना. बाटेल ती." सावित्रीबाईंनी मान वर केली नाही. "त्या दिवशी तू बाहेर माणसांना चहा देत होतीस ना, तेव्हा अशीच केली होती. बिनमिठाची. जेवणाआधी कच्चं खायला सांगितलेलं त्यांना. वाटी पुसून खाल्ली गं. माझ्या हातचं शेवटचं तेच त्यांच्या पोटात गेलं."

विनिताने भांडं ओट्यावर ठेवलं. आवाज झाला नाही. डॉक्टरांचं वाक्य तिने इतके दिवस हजार वेळा ऐकलं होतं, पण त्यातला कच्चं हा शब्द तिला आज कळला. बिनमिठाची, पथ्याची कोशिंबीर. घरात दुसरं कुणी तिला हात लावत नसे. त्या दिवशी पातेल्यातलं चिकन शिजलं होतं. नीट शिजलं होतं. टपरीवरचं असो की क्लिफर्डकडचं, ज्याने त्याने ते खाल्लं आणि ढेकर दिला. एकट्या बाबांनी त्याआधी ती वाटी संपवली होती.

आणि विळी तरी दुसरी कुठून येणार? मासळी-मटणाच्या दिवशी वाराची विळी खाली काढायची नाही, ती बाटते. म्हणजे ज्या दिवशी घरात कच्चं मांस नाही त्या दिवशी दोन विळ्या, आणि ज्या दिवशी आहे त्या दिवशी एकच. पिढ्यान्पिढ्या इतकं जपून पाळलेलं, आणि नेमकं उलटं. विनितालाही हे कधी सुचलं नव्हतं. विळी वेगळी ठेवायची ती देवासाठी, असंच तीही समजत आली होती.

मी नाही, एवढंच तिला वाटलं. आनंद झाला नाही, सुटल्यासारखंही झालं नाही. मी नाही, हे कुणाला तरी सांगावं, जयवंतला सांगावं, आत्ताच्या आत्ता, एवढं मात्र तिला कळत होतं. किती दिवसांनी तिला काहीतरी हवंसं वाटलं होतं.

"लतिकालाही हीच देऊ," सावित्रीबाई म्हणत होत्या. "तिलाही साखर आहे. घराण्यातच आहे त्यांच्या." त्यांनी कोशिंबीर दोन वाट्यांत घातली, एक लहान, पानासाठी, आणि एक मोठी. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

तेवढ्यात जयवंत वाडीतून केळीची पानं कापून घेऊन आला. लतिकाआत्याची रिक्षा दारात थांबल्याचं त्याने सांगितलं. विनिताने मोठी वाटी उचलली आणि ओट्याकडे वळताना सोडून दिली. वाटी मोरीच्या काठावर आपटली, काकडी फरशीभर झाली.

"तुझं लक्ष कुठे असतं?" जयवंत म्हणाला.

तो फार मोठ्याने बोलला नाही. थकलेल्या माणसासारखा बोलला. विनिताने त्याच्याकडे बघितलं. चार शब्द होते, ते जिभेवर आले होते. चार शब्दांत तिचं घर तिला परत मिळणार होतं. नवऱ्याने वर मान करून बघितलं असतं, लतिकाआत्याने पोटभर खाल्लं असतं, आणि टपरी, क्लिफर्ड, मिस्सा, सगळं सगळं एका क्षणात तिच्या डोक्यावरून उतरलं असतं.

खाली सावित्रीबाई बसल्या होत्या. सांडलेल्या काकडीचे काप एकेक करून वेचत होत्या. अगं राहू दे, त्यांच्या पानातली आहे ना शिल्लक, तेवढी पुरे, असं पुटपुटत होत्या. त्यांच्या मंगळसूत्राच्या जागी गळ्यावर फिकट पट्टा उरला होता. लग्न झाल्यापासून त्या माणसाला कोचवून, चिरून, बारीक करून त्यांनी भरवलं होतं, आणि शेवटचं आपल्या हातचं गेलं या एका गोष्टीवर त्या दिवस काढत होत्या. ते चार शब्द आधी त्यांच्या कानावर पडले असते.

"सांडलं," विनिता म्हणाली. "चुकून सांडलं."

तिने सावित्रीबाईंच्या हातातले काप काढून घेतले आणि त्यांना आत्याकडे पाठवलं. सांडलेलं पुसायचं निमित्त होतंच. फरशी साबणाने पुसली, फडकं उकळत्या पाण्यात टाकलं, मोठी विळी घासून तिच्यावर पातेलंभर कढत पाणी ओतलं. पानासाठी ठेवलेली लहान वाटी मात्र तिने तशीच राहू दिली. ज्यांच्या पानात ती जायची होती त्यांना आता काही बाधणार नव्हतं.

चिकन तिने हाडापासून सुटेपर्यंत शिजवलं. सांधे उलगडून बघितले, एकही लाल नव्हता. विद्याधरांच्या नावाचं पान वाडीच्या कुंपणापाशी ठेवून झालं, मग सगळे आत बसले. लतिकाआत्याने आधी नुसता रस्सा भाताला लावला. दोन घास गेल्यावर एक तुकडा घेतला, मग आणखी एक. बरं झालंय, म्हणाली. विनिता वाढत होती. रस्सा तिखट झाला होता की अळणी, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

सावित्रीबाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. आपल्या ताटातला एक चांगला तुकडा काढून तिच्या पानात ठेवला. आत्यासमोर, जयवंतसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या बोलल्या. त्यांनी हे ठरवून ठेवलं असावं.

"विनिता, आज एक बोलून टाकते. माझा तुझ्यावर राग नाही. तू का मुद्दाम केलंस? घाईत होतं माणसाच्या हातून. त्यांनीही तुला माफ केलं असतं. आता मनातून काढून टाक आणि जेव."

जयवंत पानावर बोट फिरवत होता. लतिकाआत्याने मान डोलावली आणि पदर डोळ्याला लावला. विनिताने तो तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"आई," ती म्हणाली, "वर्षश्राद्धापर्यंत वाराची विळी रोज काढू या का? मासळी-मटण असलं तरीसुद्धा. भाजी, काकडी, फळं, कच्चं खायचं जे असेल ते तिच्यावर, आणि मटण-मासळी मोठ्या विळीवर. दोन्ही एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. बाबांसाठी."

सावित्रीबाई विचारात पडल्या. असं त्यांनी कधी कुठे ऐकलं नव्हतं. पण नवऱ्याच्या नावाने वर्षभर पाळायचं काहीतरी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "म्हणजे रोजच वार समजायचा," त्या म्हणाल्या. "चालेल. आजपासूनच." आणि मग आत्याकडे वळून, सुनेचं कौतुक सांगावं तशा म्हणाल्या, "प्रायश्चित्त घेतेय गं पोरगी. चूक कळली तिला."

जेवणं झाली. सावित्रीबाई स्वतः स्टुलावर चढल्या, फळीवरचं गाठोडं काढलं, फडकं सोडलं. विळी चकचकीत होती. ती विनिताच्या हातात देताना त्यांनी क्षणभर हात सोडला नाही.

"जपशील ना?" त्या म्हणाल्या. "चिकनचा हात लावू नकोस हिला. मागच्यासारखी घाई नको."

"नाही करणार, आई," विनिता म्हणाली. "चुकलं माझं."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं सगळं, बाबांचं, सासूचं, स्वतःचं, एकदमच आलं. विळी हातात धरून ती मोरीपाशी उभ्याउभ्याच रडत राहिली. सावित्रीबाई लतिकाआत्याला खुणेने म्हणाल्या, रडू दे, मोकळी होऊ दे. जयवंत दारातून आत आला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "झालं ते झालं. मी पण नाही आता मनात ठेवणार ते."

तिने मान हलवली आणि त्याचा हात पाठीवर राहू दिला.